शरणप्पांची आण

रुद्रेशच्या कारखान्यात दारू होते का, असं कुणी विचारलं की जळकोटात एकच उत्तर मिळायचं: शरणप्पांना विचारा. शरणप्पा म्हणजे रुद्रेशचे वडील. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, तेव्हा त्यांच्या बाजूनं दारोदार फिरलेला हा एकटा पुरुष. आता त्यांच्याच पोरानं इथेनॉलचा कारखाना काढायचा म्हटल्यावर ग्रामसभेत गजराबाईनं पदर खोचला. "नाव कायबी द्या शरणप्पा, दारूच न्हवं का ही?"

शरणप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि भर सभेत आण घेतली की इथं दारू होणार न्हाय. पोरगं म्हणतंय गाडीच्या टाकीत जातं, तर टाकीतच जातं. विषय संपला, परवानगी मिळाली. शेजारी बसलेला रुद्रेश मात्र अळीमिळी गुपचिळी.

त्याला काय ठाऊक नव्हतं? सोयाबीनची टरफलं आणि उसाची चिपाडं उकडायची, एन्झाइम घालून त्यांतली साखर सोडवायची, मग यीस्ट टाकायचं. यीस्ट साखर खातं आणि दारू करतं. सरळ, चढणारी दारू. पुढं ती गाळून, पाणी काढून, कुणी पिऊ नये म्हणून तिच्यात औषध कालवतात आणि मगच ती टँकरमध्ये भरतात. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर कारखाना बुडाला असता, आणि न सांगितल्यामुळं बाप देवापुढं खोटा पडला होता. अप्पा पूजेला बसले, लिंग तळहातावर घेतलं, की रुद्रेश उठून अंगणात जायचा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये रोजचं जेवण बापासोबत.

मग बंडप्पानं घोळ घातला. हा कारखान्यातला कामगार. त्यानं टाकीतला आंबलेला रस तांब्याभर ढोसला आणि भर दुपारी पारावर बसून लावणी सुरू केली. गाव गोळा झालं.

"आता बोला," गजराबाई म्हणाली.

"ह्यो घरनं पिऊन आला आसंल," शरणप्पा म्हणाले. त्यांनी रुद्रेशला बोलावून त्याच टाकीतला रस मागवला. तांब्या हातात येताच ते लोकांकडं वळले. "समद्यांम्होरं पितो. मला चढली तर म्हणा दारू."

विष आहे म्हणून थांबवावं, तर ते विष प्यालेला बंडप्पा समोर दुसरं कडवं गात होता. जन्मात थेंबालाही न शिवलेल्या माणसाच्या ओठाला तांब्या लागणार, तोच रुद्रेशनं त्यांचं मनगट धरलं.

"अप्पा, पिऊ नका. दारूच हाय ती."

"तुला कवा कळलं?"

"पहिल्यापासनं."

"म्या आण घेतली तवा?"

"व्हय."

शरणप्पांनी तांब्या खाली ठेवला. ते चिडले असते, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर रुद्रेशला बरं वाटलं असतं. ते नुसते पारावर बसून राहिले. लोकांनाच अवघडल्यासारखं झालं. गजराबाईच्या दोन्ही सुना त्याच कारखान्यात कामाला होत्या. ती हळू आवाजात म्हणाली, "जाऊ द्या शरणप्पा. पोरींच्या हाताला काम हाय. चालू द्या."

"चालू द्या की," शरणप्पा म्हणाले. "पर माजी आण काय सुटत न्हाय. हितला थेंब कुणाच्या पोटात जाणार न्हाय, येवढं तरी खरं करतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्याच्या फाटकाशी खुर्ची टाकली. सुट्टी झाल्यावर एकेक कामगार पुढं यायचा, तोंड उघडायचा; शरणप्पा वाकून वास घ्यायचे, मान हलवायचे, मग तो घरी. गजराबाईच्या सुनांनीही लाजत तोंड उघडलं. बंडप्पाला तर दोनदा उघडायला लावलं. सगळ्यांत शेवटी रुद्रेश आला आणि बाजूनं निघाला.

"थांब. आ कर."

"अप्पा, मी पितो का कधी?"

"तू काय करतोस," शरणप्पा म्हणाले, "ते मला काय ठावं?"

बंडप्पा वळून बघत होता. गजराबाईच्या सुनाही थांबल्या होत्या. रुद्रेशनं तोंड उघडलं.