जादाचा ब्रेक

वीस मिनिटं होऊन गेली तरी गाडी परत आली नव्हती. चौकापर्यंत जाऊन यायला सात मिनिटं लागतात, सिग्नल लागला तर नऊ. मी फाटकाची कडी धरून उभी होते आणि रस्त्याच्या टोकाला दिसणारी प्रत्येक पांढरी गाडी आमचीच आहे असं मनाला सांगत होते. शेजारीण वरच्या गॅलरीतून कपडे झटकत होती. कुणाची वाट बघताय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाइकाची. तसं ते खोटं नव्हतं.

शेवटी गाडी आली आणि माझा जीव भांड्यात पडला. चालवणारा विमा कचेरीतला कुणी साहेब होता, जाड मिशांचा. शेजारच्या सीटवर आमचे मास्तर ताठ बसलेले. साहेब उतरले, चाकाला बुटानं एक टोला दिला आणि म्हणाले, गाडी छान आहे, घरी विचारतो आणि कळवतो. घरी विचारतो म्हणणारा माणूस पुन्हा दृष्टीस पडत नाही, हे मला तोवर पाठ झालं होतं. घरी विचारायचंच होतं तर विचारून यायचं, म्हणजे आमचं पेट्रोल तरी वाचलं असतं.

मास्तर मात्र खुशीत होते. "क्लच फार दाबून धरतो," ते म्हणाले. "दोन दिवसांत सुधारेल."

"अहो, तो गिऱ्हाईक आहे. विद्यार्थी नाही."

"स्टिअरिंगवर बसला की विद्यार्थीच."

मास्तर म्हणजे माझे यजमान. सगळे त्यांना मास्तर म्हणतात म्हणून मीही म्हणते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी शिकवली. आमच्या भागातला भाजीवाला, दातांचा डॉक्टर, शाळेच्या बाई, सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. कुणावर आवाज चढवला नाही की कुणाच्या हातावर फटका मारला नाही. गाडी बंद पडली की म्हणायचे, पडू दे, तिलाही दम खाऊ दे. मला तेवढी शिकवली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

चार महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे. कडेचं दिसत राहील, समोरचं आता परत यायचं नाही. म्हणजे कसं, तर त्यांना भिंतीवरचं घड्याळ कळतं, काटे दिसत नाहीत. माझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. गाडी चालवायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. मास्तरांनी मान डोलावली, शिकवणं बंद केलं, टपावरची पाटी उतरवून माळ्यावर टाकली आणि गाडी विकायची ठरवली. मला वाटलं, सुटले.

पण गाडी विकायची म्हणजे ट्रायल द्यायची, आणि आपल्या गाडीत कुणाला एकटं सोडायचं नाही हा मास्तरांचा जुना नेम. शिकवायच्या गाडीला शेजारच्या सीटपाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्या जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून ते प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर जायचे. मी भांडले. तर म्हणाले, "डॉक्टर म्हणाले चालवू नका. मी कुठं चालवतो? चालवतं गिऱ्हाईक."

"आणि समोर कुणी आलं तर?"

"ब्रेक आहे ना माझ्याकडं."

ब्रेक होता. तो कधी दाबायचा हे कळायला समोरचं दिसावं लागतं, हे मी बोलायला लागले की ते रेडिओचा आवाज वाढवत. गिऱ्हाइकांना सांगून टाकते म्हटलं, तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. "उभं आयुष्य लोकांना समोर बघा, समोर बघा म्हणत आलो," ते म्हणाले. "हे तेवढं कुणाला सांगू नकोस." मग मी नाही सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय करणार. पण ट्रायलच्या त्या पंधरा दिवसांत मी चुकले असेन तर ते इथं, हे मला माहीत आहे.

जाहिरात मुलीनं फोनवर टाकून दिली आणि ती परगावी आपल्या घरी निघून गेली. उत्तरं द्यायचं काम माझ्याकडं आलं. मी तीस वर्षं वीजबिलाच्या खिडकीवर बसले आहे. रांगेत उभं राहून ऐनवेळी बिल घरी विसरलो म्हणणारी माणसं मी रोज पाहिली. पण तिथं निदान "पुढचा" म्हणायची सोय होती.

इथं सकाळी उठल्यापासून सुरू. गाडी आहे का? अहो, आहे म्हणूनच जाहिरात आहे. शेवटचं काय ते बोला. पहिलं तर बोलू द्या. एकानं गाडीच्या बदल्यात फ्रिज आणि व्यायामाची दोन चालायची यंत्रं देऊ केली. एकाला चारही टायरचे, इंजिनाचे आणि गाडीच्या खालच्या बाजूचे फोटो हवे होते. भर दुपारी जमिनीवर आडवी होऊन मी ते काढले आणि पाठवले, तर लिहितो, थँक्यू मॅडम, मी नुसतं बघत होतो. एक कुटुंब सात जणांचं आलं, सगळ्यांनी आत बसून पाहिलं, मुलांनी सीटवर बिस्किटांचा चुरा सांडला, आणि जाताना कुटुंबप्रमुख म्हणाले, पांढरा रंग लवकर मळतो. जाहिरातीतला फोटो काय काळा होता? दुसऱ्या एकानं रविवारी दहाची वेळ ठरवली. आम्ही गाडी धुतली, कपडे बदलले आणि एक वाजेपर्यंत पाहुण्यांसारखे आपल्याच घरात बसून राहिलो. त्याचा फोन बंद.

इतरांना असली माणसं म्हणजे डोक्याला ताप. मला ती जिवाला घोर होती. घेणारा एकच असणार, पण त्याच्या आधी किती जण नुसते चक्कर मारून जाणार, आणि त्यातली कोणती चक्कर वाईट निघणार, हे कुणी सांगावं? पंधरा दिवसांत अकरा जण झाले. अकरा वेळा मी फाटकाशी उभी राहिले. विक्री नको पण गिऱ्हाईक आवर, असं झालं होतं.

बारावी ती लॉन्ड्रीवाली. दवाखान्याच्या लॉन्ड्रीत कामाला असलेली, चाळिशीची, हात सोड्यानं पांढरेफटक पडलेले. सोमवारी आली, गाडीतून एक फेरी मारली आणि म्हणाली, आवडली, पण अजून एकदा चालवून बघते. बुधवारी पुन्हा आली. त्या दिवशी ती दोघं पाऊण तास बाहेर होती. पाऊण तासात माझी सगळ्या देवांना एकेकदा हाक मारून झाली. परत आली तेव्हा मास्तर तिला सांगत होते की चढावर हँडब्रेक सोडताना घाई करायची नाही. त्या दिवशी ते पोटभर जेवले. जेवता जेवता हसलेसुद्धा. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. या बाईनं एकदाही बॉनेट उघडायला सांगितलं नव्हतं. कागद मागितले नव्हते. मुख्य म्हणजे भाव केला नव्हता. ज्याला वस्तू खरंच घ्यायची असते तो आधी तिला नावं ठेवतो. ही तर गाडीचं कौतुक करत होती.

गुरुवारी चार वाजता ती तिसऱ्यांदा आली तेव्हा मी तिला फाटकातच गाठलं. म्हटलं, "गाडी घ्यायची आहे का नाही, ते सरळ सांगा."

तिनं पायांकडं बघितलं. मग म्हणाली, "नाही घ्यायची. माझी उद्या लायसन्सची परीक्षा आहे. दोनदा नापास झाले. घरी दीर चेष्टा करतात, म्हणतात आता तिसऱ्यांदा पेढे नापास झाल्याचेच वाटू. दवाखान्याची कपड्यांची व्हॅन चालवायची जागा निघाली आहे, लायसन्स असेल तर मला मिळेल. क्लासवाला फार ओरडतो हो. काका ओरडत नाहीत."

माझा संताप संताप झाला. तिच्या परीक्षेपायी मी तीन दिवस जीव टांगून घेतला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून मास्तर किल्ली घेऊन आले.

"मला सोमवारीच कळलं होतं," ते म्हणाले. "घेणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो. या माझा ऐकत होत्या. चला, आज शेवटचं."

तेव्हा मला समजलं की गाडी विकायची घाई या घरात एकट्या मलाच होती. मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले. पंधरा दिवसांत हे मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे.

बाई चांगली चालवत होती. वळणावर हात दाखवला, शाळेपाशी वेग कमी केला. मास्तर हळू आवाजात सांगत होते, क्लच, गिअर, आता सोडा, शाब्बास. रस्त्याकडेची झाडं, दुकानं, उभ्या सायकली, सगळं त्यांना कळत होतं. इतकं बरोबर बोलत होते की क्षणभर मलाच वाटलं, डॉक्टर चुकले.

दवाखान्याच्या भिंतीजवळ सरळ रस्ता लागतो. तिथं एक म्हातारी रस्ता ओलांडता ओलांडता मधोमध थांबली होती. हातातली पिशवी खाली ठेवून ती निसटलेल्या चपलेत पाय बसवत होती.

मास्तर म्हणाले, "रस्ता मोकळा आहे. तिसरा टाका."

लॉन्ड्रीवालीचा हात गिअरवर गेला. त्यांचं ऐकायची एवढी सवय झाली होती तिला. मी ओरडायला हवं होतं. मी त्यांच्या पायाकडं पाहत होते. तो ब्रेकवर नुसता टेकलेला होता, हलला नाही. मग तिनं स्वतःच ब्रेक मारला. गाडी दोन आचके देऊन बंद पडली. म्हातारी दहा हातांवर होती. तिनं मान वर करून आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा चपलेला लागली.

"का थांबलात?" मास्तरांनी विचारलं. रागानं नाही, नेहमीसारखंच. "मोकळ्या रस्त्यात असा ब्रेक मारलात तर उद्या नापास करतील."

लॉन्ड्रीवालीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग आरशातून माझ्याकडं. मी मान खाली घातली, आणि त्यातच तिला सगळं कळलं. म्हातारीनं पिशवी उचलली, ती चालू लागली. मधून कडेला गेली तशी मास्तरांची मान तिच्याबरोबर वळली.

"या कधी आल्या?"

"मधेच उभ्या होत्या, काका," ती म्हणाली. "बऱ्याच वेळच्या."

मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. मास्तर बसून राहिले. मग त्यांनी दार उघडलं, गाडीच्या अंगाला हात लावत मागं आले आणि माझ्या शेजारी बसले. चौतीस वर्षांत मी त्यांना कधी गाडीच्या मागच्या सीटवर पाहिलं नव्हतं. त्यांचे गुडघे पुढच्या सीटला लागत होते.

"काका, मी एकटी?"

"समोरचं तुम्हाला दिसतंय ना. चालवा." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि उद्या शेजारचा माणूस काहीही म्हणाला तरी रस्ता तुम्ही बघायचा. आज बघितलात तसा."

गाडी घराकडं निघाली. मला त्यांचा हात धरावासा वाटला. परक्या माणसांदेखत धरलेला त्यांना आवडत नाही, म्हणून थांबले, आणि मग धरला. तो गार होता.

लॉन्ड्रीवाली किल्ली देताना रडायच्या बेतात होती. मला तिची चीड यायला हवी होती, पण येईना. तिला बघ म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं बघितलं होतं. आमच्या घरात रोज बघून गप्प बसणारी मी होते. मास्तरांनी तिला लवकर घरी जायला सांगितलं.

ती गेल्यावर त्यांनी पाने काढले आणि गाडीत वाकून जादाचे दोन्ही पेडल सोडवायला घेतले. मी बॅटरी धरू का म्हणून विचारलं. नको म्हणाले. बोटांनी एकेक नट चाचपून त्यांनी काम पुरं केलं, पेडल वर्तमानपत्रात गुंडाळले आणि हात धुऊन खुर्चीत येऊन बसले.

तेवढ्यात फोन वाजला. कुणा नव्यानं लिहिलं होतं: गाडी आहे का? ट्रायल मिळेल का? विकायचं कारण काय? कारण सगळेच विचारत, आणि मी दर वेळी पाठीचं दुखणं असं लिहीत असे. मी मास्तरांना वाचून दाखवलं.

"लिही," ते म्हणाले. "गाडी आहे. ट्रायल मिळेल, एकट्यानं घेऊन जा, मालक बरोबर येणार नाहीत."

"आणि कारण?"

त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. "खरं आहे ते लिही."

मी लिहिलं, मालकांना दिसत नाही. त्यांनी वाचायला सांगितलं, मी वाचलं.

"नीट दिसत नाही, असं लिही," ते म्हणाले. मी "नीट" हा शब्द घातला आणि पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं.

"नको," ते म्हणाले. "आधीचंच पाठव."