मी दाखवलेला खोटा आकडा

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. नांदेडच्या एका विद्यापीठात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझं टेबल. वस्तूतून वीज जाताना तिला किती अडथळा होतो, तो आकडा दाखवणं हे माझं काम. चौदा वर्षांपूर्वी मी नवा होतो, तेव्हा अमृतराव सर मुलांना सांगायचे, "आपला मीटर चुकत नाही." मलाही तसंच वाटू लागलं. पुढं माझ्या आत धूळ साचली, ओल शिरली. कुणी उघडून पाहिलं नाही.

सुकन्या तिथली संशोधक विद्यार्थिनी, शिरूर अनंतपाळकडची. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर अर्धवाहकाचा थर चढवून, मनगटाला गुंडाळता येईल असा तापमापक ती बनवत होती. पट्टी वाकली तरी थराला तडे जाऊ नयेत, यासाठी तिची तीन वर्षं गेली. हजार वेळा पट्टी वाकवून ती मला जोडायची. तडा गेला की विजेला अडथळा वाढतो आणि आकडा वर जातो. माझा आकडा फारसा हलला नाही की तिचा चेहरा फुलायचा.

आणि थराला तडे जातच होते. वीज माझ्या पोटातल्या दमट धुळीतून आडवाटेनं निघून जायची, म्हणून मला ते दिसत नव्हतं.

लातूरला विज्ञान प्रदर्शन भरलं. सुकन्या मला घेऊन गेली. तिची आई, चतुराबाई, गावाकडून एसटीनं आली होती. वीरण्णा नावाच्या परीक्षकांनी पट्टी वाकवली आणि स्वतःचा मीटर लावला. आकडा कितीतरी वर गेला. मग त्यांनी माझ्या दोन्ही तारा हवेत मोकळ्या धरल्या. मध्ये काहीच जोडलेलं नव्हतं, मी आकडा दाखवायलाच नको होता. मी रोजच्यासारखाच दाखवला.

"हा कधी तपासला होता?" त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही, सर," सुकन्या म्हणाली. " आकडा मनासारखा येत होता, म्हणून तपासावासा वाटला नाही. चूक माझी आहे."

चूक माझी होती, मित्रांनो. मला बोलता आलं नाही.

"काय झालं गं?" चतुराबाईनं हळूच विचारलं.

"माझी पट्टी टिकत न्हाई, आई. मी लोकायला टिकती म्हणून सांगत व्हते."

"मग आता खरं सांग."

सुकन्यानं आपल्या फलकावरची 'हजार वेळा वाकवली तरी टिकते' ही ओळ पेनानं खोडली. संध्याकाळपर्यंत येईल त्याला ती सांगत राहिली, हा आकडा चुकीचा आहे. मी तिच्यासमोर टेबलावर पडून होतो. लोक तिच्याकडे बघत, मग माझ्याकडे. तेव्हा कुणी माझ्यावर फडकं तरी टाकायला हवं होतं.

परतल्यावर तिनं मला उघडून साफ केलं आणि सगळी मोजमापं पहिल्यापासून सुरू केली. अमृतराव सर शेजारी येऊन बसले. "कौतुक मीच केलं होतं याचं," एवढंच म्हणाले. परवा चारशे वेळा वाकल्यावर पट्टीला तडा गेला, तो मी बरोबर दाखवला. तिनं तो आकडा लिहून घेतला. मला मात्र अजून तिच्याकडे सरळ बघवत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखा एखादा असेल. वर्षातून एकदा त्याला उघडा, साफ करा. आणि आकडा अगदी मनासारखा आला, तर त्या दिवशी आधी त्याला तपासा. आम्हाला खोटं बोलायचं नसतं. पण बोलून गेलो, हे आम्हाला कळतही नाही.