डाव्या स्पीकरखालचा पुठ्ठा

त्या रविवारी सकाळपासून माझं बूड एका जागी टिकत नव्हतं. गॅस बंद आहे ना ते पाहून आले, बसले, पुन्हा उठून खिडकी लावली, मग उकडायला लागलं म्हणून उघडली.

"आई, परीक्षा त्या खोक्यांची आहे, तुझी नाही," लेक म्हणाली. "बस की जरा."

पण परीक्षा माझीच होती. लेकीकडे कायमची राहायला आले तेव्हा मी बरोबर फारसं काही आणलं नव्हतं. कपडे, माझी खुर्ची आणि यांची गाण्याची पेटी. पेटी म्हणायचं खरं, पण ती अख्खी भिंत खायची. मध्ये ॲम्प्लिफायर आणि दोन्ही अंगांना गुडघ्याच्या वर येणारे लाकडी स्पीकर. आता नातीला अभ्यासाला टेबल हवं होतं आणि बाहेरच्या खोलीत दुसरी धड भिंत नव्हती. जावयांनी एक नवा स्पीकर आणून ठेवला होता, चहाच्या डब्याएवढा.

"आवाज तोच. उलट जास्त चांगला," लेक म्हणाली होती.

"तोच नाही. त्यात जीव नाही."

"न बघता वाजवलं तर ओळखशील?"

"झोपेतसुद्धा ओळखीन," मी तोऱ्यात म्हणाले, आणि तिने मला तिथेच धरलं. चादर आड लावून एकच गाणं एकदा जुन्यावर, एकदा नव्यावर वाजवायचं. मी ओळखलं तर पेटी राहील. नाही ओळखलं तर ती जावयांच्या मित्राकडे जाईल. त्याने गाडीची सोयही करून ठेवली होती.

गंमत अशी की पूर्वी या सगळ्याची टिंगल करणारी मीच होते. हे छापखान्यात होते. दिवसभर मशीनच्या धडधडाटात उभं राहून यांच्या कानांचं मातेरं झालं होतं. पाठीमागून हाक मारली तर ओ मिळायची नाही. पण घरी आले की वायर काळी आहे की राखाडी, हे यांना ऐकू यायचं. राखाडी वायरीतून गाणाऱ्याचा घसा बसतो म्हणे. ॲम्प्लिफायर तापल्याशिवाय गाणं लावायचं नाही, थंड पेटीतून आवाज आंबट येतो. डावा स्पीकर "आत बोलतो" म्हणून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी. एकदा फरशी पुसताना मी ती घडी केरात टाकली. बरेच दिवस हे रोज डोळे मिटून, मान डोलावत ऐकत होते. घडी नाही असं लक्षात आलं त्या दिवशी मात्र म्हणाले, "तरीच म्हटलं, इतके दिवस काहीतरी बिनसलंय."

"बायकोची हाक ऐकू येत नाही आणि वायरीचा रंग ऐकू येतो," मी म्हणायची. लेक कोपऱ्यात गृहपाठ करत बसलेली असायची. तिने माझं एकही वाक्य वाया जाऊ दिलं नाही, सगळी जपून ठेवली आणि आता मलाच ऐकवते. कारण हे गेले आणि यांचं दुखणं मला लागलं. राखाडी वायर दिसली की माझाच घसा खवखवतो.

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. ही परीक्षा घ्यायची कामगिरी त्यांच्याकडे होती. दोरीवर चादर टाकून ते पलीकडे गेले. बराच वेळ नुसती सरकासरकी. काहीतरी पडलं. काहीतरी पुन्हा उभं केल्यासारखं वाटलं.

"अरे, गाणं लावतोयस की घर बांधतोयस?" लेक म्हणाली.

"झालं, झालं," ते आतून म्हणाले. "आई, डोळ्यांचं करतो तसंच हं. आधी पहिलं, मग दुसरं. कुठलं तुमचं, तेवढं सांगा. घाई नाही."

पहिलं लागलं. आवाज स्वच्छ होता, पण घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा, कोरडा. मग दुसरं लागलं आणि मला एकदम आमची संध्याकाळची खोली दिसली. वाजवणाऱ्याचं बोट तारेवरून सुटताना बारीकसा चर्र आवाज, एक चरका, येत होता. पहिल्यात तो नव्हताच.

"दुसरं," मी म्हणाले. "दुसरं आमचं."

लेकीने हात वर केले. "हरले बाई. मलाही कळलं. पहिलं कसं मोकळं, लख्ख होतं. दुसरं म्हणजे गोधडीतून गातंय कुणीतरी. बाहेर ये रे, जिंकली तुझी सासू."

चादर हलली नाही.

"अरे, ये ना."

जावई बाहेर आले ते चष्मा पुसत. तो पुसायची काही गरज नव्हती.

"कसं सांगू आता," ते म्हणाले. "दोन्ही वेळा नवाच लावला होता."

"दोन्ही वेळा?" लेक म्हणाली.

"जुनी पेटी सुरूच होईना. पुढचं बटण दाबलं, दिवा लागेना. तुम्ही दोघी अशा सरसावून बसलेल्या. मग दुकानातली सवय नडली. गिऱ्हाईक नुसतंच हो हो करतंय असं वाटलं ना, की मी काच काढतो, तीच पुन्हा घालतो आणि विचारतो, आता कसं दिसतंय?"

"मग?" मी विचारलं.

"बहुतेक जण म्हणतात, आता बरं."

"छान. घरातच दुकान मांडलंस," लेक म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "म्हणजे आई चुकली."

"आणि तू?" जावयांनी विचारलं.

"मी पैजेत नव्हते."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. पेटी जाईल ही भीती कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी निराळाच प्रश्न आला. तो चरका मी ऐकला होता, शपथेवर सांगितला असता. मग रोज संध्याकाळी खुर्ची ओढून मी जे ऐकत बसते, ते येतं कुठून? बसवेना म्हणून उठले आणि चादरीपलीकडे गेले.

पेटी सुरू न व्हायचं कारण मला ठाऊक होतं. पुढचं बटण हे कधीच बंद करत नसत, त्याला हात लावला की आवाज कापसातून येतो म्हणत. सगळा कारभार मागच्या खटक्यावर. जावयांनी पुढचं बटण दाबून उलट बंद केलं होतं. मी ते पुन्हा दाबलं, मागे हात घालून खटका ओढला आणि लाल दिवा लागला.

"लावू गाणं?" जावयांनी विचारलं.

"थांबा. तापू दे."

लेकीने कपाळाला हात लावला, पण थांबली. आम्ही तिघंही त्या दिव्याकडे बघत उभे राहिलो.

मग गाणं लागलं. या वेळी चादर नव्हती. आवाज जड होता, लेक म्हणाली तसा, गोधडीतून आल्यासारखा. मी त्या चरक्याची वाट बघत होते. ती जागा आली आणि गेली. आमच्या पेटीत तो नव्हताच, बहुधा कधीच नव्हता. तो त्या चहाच्या डब्यात होता.

घेऊन जाऊ दे तुमच्या मित्राला, असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात लेकीने मान वाकडी केली.

"थांब जरा. डावा आत बोलतोय."

ती गुडघ्यांवर बसली. सरकासरकीत पुठ्ठ्याची घडी निसटून भिंतीपाशी गेली होती. तिने ती हात लांब करून ओढली, स्पीकर कलता करून खाली सारली, टाचांवर बसून डोळे मिटले आणि ऐकलं.

"हां," ती म्हणाली. "आता."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मग अगदी दुकानातल्या आवाजात त्यांनी तिला विचारलं, "आधीचं बरं, की आताचं?"

"आताचं," ती पटकन म्हणाली, आणि मग डोळे उघडून आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली. "काय झालं? नाही वाटत तुम्हाला?"

गाणं संपलं. ती उठली, गुडघे झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "टेबल खिडकीखाली बसेल. जरा लहान घ्यावं लागेल, एवढंच."

ती आत गेल्यावर मी खुर्चीत टेकले, पण मन लागेना. पुठ्ठा तिने जरा जास्तच आत सारला होता. मी वाकून तो किंचित बाहेर ओढला, ऐकलं, पुन्हा आत सारला. खिडकी लावून पाहिली. अजून डावा नीट बोलत नाहीये.