शिडी धरणारा

नाटकगृहात तिला सगळे दिवेवाली म्हणत. रंगमंचाच्या वर दिवे टांगायचे, त्यांची तोंडं वळवायची, तारा ओढायच्या, हे तिचं काम. उंच शिडीवर ही बिनधास्त शीळ घालत असे आणि खालच्यांचा जीव टांगणीला लागे. आता तीच बाई उंबरा ओलांडताना भिंत धरत होती.

दोन्ही अंडाशयांवर गाठी झाल्या, म्हणून अंडाशयंच काढावी लागली. गाठी साध्या निघाल्या, जखम भरली, सगळे म्हणाले, सुटलीस. पण घरी सोडताना डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या, "चाळिशीतच पाळी थांबलीय, हाडांची काळजी घ्या." तेवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात घर करून बसलं. तिच्या आईचंही असंच ऑपरेशन झालं होतं. पुढे आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ती पुन्हा उठलीच नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. जिना नुसता दिसला तरी हिला कडकन काहीतरी मोडल्याचं ऐकू येई. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, जात्याच ताकही फुंकून पिणारा. त्याने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपायला घेतलं. बादली तो उचलणार, बाजार तो करणार, ही खुर्चीत. अंगाला चिकटवायच्या हार्मोनच्या पट्ट्या मिळाल्या होत्या, पण 'त्यानेच कॅन्सर होतो' असं शेजारीण म्हणाली आणि पट्ट्या कपाटात कपड्यांखाली गेल्या. अंगातून वाफा निघत, झोप उडाली होती, पण हाडं शाबूत आहेत ना, यातच दोघं समाधान मानत.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी हाडांचा रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढला.

"पट्ट्या लावता?"

"नाही. त्यानेच कॅन्सर होतो म्हणतात."

"चालणं, जिने?"

"मी हिला उठूच देत नाही," नवरा अभिमानाने म्हणाला.

"म्हणूनच हाडं पातळ होतायत. हाडाला काम लागतं हो. ओझं नाही, जिना नाही, तर ते कशाच्या जोरावर टिकेल? आणि तुमच्या वयाला, तुमच्या तब्येतीला पट्ट्या लावण्यापेक्षा न लावण्यातच धोका जास्त. शंका होती तर मला विचारायचंत."

तिची पाचावर धारण बसली. ज्या खुर्चीत ती लपली होती, ती खुर्चीच तिला खात होती. आईलाही सगळ्यांनी असंच मायेने बसवून ठेवलं होतं, हे आठवून तिला तिथेच रडू आलं.

पट्टी लावली. आधी जिना, मग बाजाराच्या पिशव्या, मग हातात वजनं. वाफा कमी झाल्या, झोप लागू लागली. भीती मात्र जिथल्या तिथे. कामावर जायला मोकळीक मिळाली, तरी ती नुसती दुसऱ्यांची शिडी धरून उभी राही.

तिथली एक रीत होती. चढणाऱ्याने खालच्या पायरीवर दोनदा पाय आपटायचा, धरणाऱ्याने "धरली" म्हणायचं, आणि वरचा उतरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. खालून आलेल्या सल्ल्यानेच माणूस पडतो, असं तिथले म्हातारे सुतारकाका सांगत.

एका सकाळी नवराच तिथे येऊन उभा राहिला. "आज मी धरतो."

"तू? तुला गप्प बसता येतं होय?"

"बघू."

तिने दोनदा पाय आपटला.

"धरली," तो म्हणाला. आवाज चिरकला होता.

अर्ध्यावर गेली आणि नेमकी तेव्हाच वाफ आली. मान तापली, तळवे ओले झाले, दांडी निसटल्यासारखी वाटली. काळजाचं पाणी झालं. आता पडणार, आईसारखीच पडणार. तिने खाली पाहिलं. त्याने "उतर" एवढं म्हटलं असतं, तर ती उतरली असती आणि जन्मात पुन्हा चढली नसती. त्यालाही तेच म्हणायचं होतं, ते तोंडावर लिहिलेलं होतं. पण खालचा ओठ दाताखाली धरून तो नुसता वर बघत राहिला.

तिने कपाळ दांडीला टेकवलं. वाफ आली तशी ओसरली. एकेक तळवा कपड्याला पुसून ती वर चढली आणि दिव्याचं तोंड वळवलं.

ती उतरली तरी त्याने शिडी सोडली नव्हती. ओठाला रक्त आलं होतं.

"झालं. सोड आता," ती म्हणाली.

त्याला बोटं उघडता येईनात. मग तिनेच ती एकेक करून सोडवली.