सातवी खूण

मित्रांनो, मी एक जुना बिगूल आहे. शाळेच्या बँडमधला, पोचे आलेला, कडेला काळवंडलेला. माझा स्वतःचा आवाज नाही. कुणी श्वास दिला तर सूर, नाही तर नुसतं पितळेचं भांडं.

आमच्या बँडची एक रीत. सरांनी वीस आकडे मोजेपर्यंत शेवटचा सूर जो टिकवेल, त्याने खिळ्याने माझ्या कडेवर एक खूण कोरायची. माझ्या अंगावर अशा सहा खुणा आहेत. पहिली खूण कोरणारी मुलगी पुढे शिंपीण झाली, आणि तिची लेक मला वाजवू लागली. चण लहान, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. पण दम असा, की लोहाराच्या भात्याने लाजावं!

"सर, अठरा झाले ना?"

"झाले. आणखी दोन, की आईचं नाव काढशील."

ढोलवाली आणि झांजवाली तिच्या जिवलग मैत्रिणी. मधल्या सुट्टीत बँडच्या खोलीमागे त्यांनी सिगारेटचं पाकीट काढलं.

"एक झुरका ओढ गं. मरत नाहीस."

"नको. दम तुटतो."

"अगं बाई! बाळाला आईला विचारून यायचंय!"

दोघी खदखदून हसल्या. खारूताई धुराला भ्यायली नाही, त्या हसण्याला भ्यायली. तिने झुरका ओढला, ठसका लागला, तेव्हा टाळ्या पडल्या. जन्मभर मी टाळ्या ऐकल्या; इतक्या कडू कधी नाही.

मग ते रोजचंच झालं. माझ्या नळीत राखेचा वास उतरू लागला. अठराचे सोळा झाले, सोळाचे तेरा.

संचलनाच्या दिवशी आई पहिल्या रांगेत बसली होती, मुठीत नवाकोरा खिळा धरून. अकराव्या आकड्याला खोकल्याची उबळ आली आणि माझ्यातून फुटक्या मडक्यासारखा आवाज निघाला. सगळ्यांत आधी हसल्या त्या ढोलवाली आणि झांजवाली.

"रोज ओढ म्हणून आम्ही सांगितलं होतं का?"

आईने खिळा पिशवीत टाकला.

यंदा मी एका नव्या, लाजऱ्या मुलीच्या खांद्यावर आहे. काल तिचे एकोणीस झाले. आज मधल्या सुट्टीत, त्याच खोलीमागे, तिच्यासमोर खारूताई उभी आहे. हातात पाकीट.

"एक झुरका ओढ गं. मरत नाहीस."

शब्द तेच. हसणंही तेच.

मित्रांनो, मला घासा-पुसा, असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलीने अजून हात पुढे केलेला नाही. ती इकडेतिकडे बघते आहे, आपल्या बाजूने कुणी आहे का म्हणून. मी केव्हाच ओरडलो असतो. पण माझ्यात श्वास नाही.

तुमच्यात आहे.