मिठाची हाळी

सारजा पंचमीला माहेरी गेली ती दिवाळी झाली तरी आली नाही. मी दोनदा आणायला गेलो. पहिल्या वेळी तिच्या आत्यानं सांगितलं, पोरीला ताप आहे. दुसऱ्या वेळी ताप कुणालाच नव्हता. तेव्हा माझ्या सासऱ्यानं, धोंडीरामबाबानं, मला ओसरीवर बसवून खरं काय ते सांगून टाकलं. पोरगी म्हणते, लग्नाला दोन वर्षं झाली, या माणसानं मला मेंढरांच्या पाठी सोडून दुसरं काही दाखवलं नाही. मारत नाही, उपाशी ठेवत नाही, पण दाखवतही नाही. तिला यायचं नाही.

मला आधी राग आला. मेंढरांच्या पाठी काय मी एकट्या तिलाच दाखवत होतो? मलाही तेवढ्याच दिसत होत्या. पण चंपाषष्ठीला आमच्या धनगरांची बैठक बसायची होती, आणि काडीमोड मागायचा तर तिथंच मागतात. म्हणजे माझ्या हाती जेमतेम महिना होता. मी घाबरलो, आणि घाबरलेल्या माणसाचं तोंड जसं सुटतं तसं माझं सुटलं. म्हणालो, "धर्मापुरीची देवळं दावतो. तिथनं परळी, आन तिथनं गंगा. गंगाकाठची समदी गावं मला ठावं हायती."

गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. धर्मापुरी मला ठाऊक होती, हे खरं. लहानपणापासून तिथल्या पडक्या देवळांभोवती मी मेंढरं चारली होती. गंगा मात्र मी जन्मात पाहिली नव्हती.

धोंडीरामबाबा विचारात पडले, मग आत जाऊन आले. पोरगी यायला तयार होती. फिरून आल्यावर ती आपल्या खुशीनं म्हणाली तर नांदायला येईल, नाहीतर बैठक.

तुळशीची लग्नं लागली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. गाडीत सारजा, तिची आत्या भिवराबाई आणि गावचे पाटील आप्पाराव. आप्पाराव आले कारण दमणी त्यांची होती. ती छपराची हलकी गाडी त्यांना पोटच्या पोरासारखी, ती जाईल तिथं ते जायचे. बैल हाकायला धोंडीरामबाबा. मी वाटाड्या, म्हणून बैलांच्या पुढं पायी.

आमच्यात त्या काळी एक रीत होती. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही. नाव घेणं तर दूरच. त्यामुळं आमचं भांडण होतं ते सगळं दुसऱ्याच्या तोंडून चालायचं. मी सासऱ्यांना म्हणायचो, ऊन लई हाय, गाडीतल्यांनी पाणी प्यावं. सारजा आत्याला म्हणायची, गाडीतल्यांना तहान न्हाई. आत्या ते मला कळवायची, आणि कळवताना त्यात स्वतःचं थोडं तिखट घालायची. आत्या नसली जवळ की सारजा बैलाशी बोलायची. "बैला, हळू चाल बाबा. म्होरल्याला वाट ठावं हाय का न्हाई, देव जाणे."

धर्मापुरीला पोचलो तेव्हा मी फुगून गेलो होतो. मला त्या देवळाची सगळी माहिती होती. म्हणजे दुपारी सावली कुठं पडते, कुठल्या दगडाखाली विंचू निघतो, पावसात कुठला कोपरा गळतो. हे सगळं मी घडाघडा सांगितलं. आप्पाराव म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे बे. देऊळ बांधलं कुणी?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मेंढरं असलं विचारत नाहीत. पण मागं फिरायची सोय नव्हती. मी म्हणालो, एका राजानं, बायको रुसली म्हणून.

भिंतीवर बाहेरून दगडी बाया आहेत, माणसाच्या निम्म्या उंचीच्या, पण इतक्या जिवंत की लहानपणी मी त्यांच्याकडं पाठ करून भाकरी खायचो. मी एकेकीचं कूळ सांगत सुटलो. ही आरशात बघते ती राणी. तो शेजारचा राजा. पलीकडचे हत्तीवाले तिला आणायला निघालेत. आत्याला त्या तोंडं झिजलेल्या हत्तीवाल्यांपेक्षा मोमिनाबादच्या छावणीतले घोडेस्वार बरे वाटले, निदान त्यांना नाकं तरी होती. आप्पारावांनी राजाच्या खांद्यावर चौथा हात शोधून काढला आणि हा राजा नसून कुणी देव असावा असं म्हणाले. मी म्हणालो, त्या काळच्या राजांना चारही असायचे.

पदर तोंडाला लावून कुणीतरी हसलं. मी वळून पाहिलं नाही, पण ते हसू मला ओळखीचं होतं. दोन वर्षांत ते मी फार वेळा ऐकलं नव्हतं.

मग आम्ही एका बाईसमोर आलो जी हातात काही धरून लिहीत होती. तिच्यापुढच्या दगडावर बारीक अक्षरं कोरलेली होती. मला तेव्हा अक्षरं आणि लेंड्यांची रांग यांत काही फरक दिसत नसे. आप्पारावांना मोडी येत होती, पण त्यांनाही ही अक्षरं लागेनात. मी ती संधी सोडली नाही. सासऱ्यांकडं तोंड करून म्हणालो, "ही राणी माहेरात बसून राजाला कागद लिवतीया. लिवतीया की, मन लागंना, न्यायाला या."

सारजा आत्याला म्हणाली, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. "आत्या, इचारा की, दोन वर्सं राजा काय करत व्हता? मेंढरं मोजत व्हता का?"

आप्पाराव इतके हसले की त्यांना राणीच्या पायाशी बसावं लागलं. धोंडीरामबाबांनी बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढलं. मी तसाच उभा, कान तापलेले, पण आतून मला नाचावंसं वाटत होतं. तिनं उत्तर दिलं होतं. बैलाला नव्हे, मला.

परळीपर्यंत माझं निभावलं. तिथल्या वैजनाथाला मी पूर्वी एकदा गेलो होतो. पुढं मात्र सगळाच अंधार. मग मी एक युक्ती काढली. गाव जवळ आलं की पाणी बघून येतो म्हणून पुढं पळायचं, विहिरीवर जो भेटेल त्याला गावातली सगळी माहिती विचारायची, आणि धापा टाकत परत येऊन जन्मापासून ठाऊक असल्यासारखी सांगायची. एका गावात मला जो भेटला तो सकाळीच शिंदी पिऊन आला होता. त्याच्या भरवशावर मी सगळ्यांना एका गढीपुढं नेलं आणि सांगितलं की इथं भीमानं भाकरी थापली. गढीतून मालक बाहेर आला. त्यानं ऐकून घेतलं, आणि ही गढी त्याच्या बापानं बांधली, आणि भाकरी थापायला बाई होती, एवढंच म्हणाला.

आत्या त्या संध्याकाळी म्हणाली, "जावई, तुमाला पाणी लई लागतंया." मी मान खाली घातली. सारजा बैलाला वैरण घालत होती. ती त्याला काहीच बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही मंजरथला गंगेवर पोचलो. सिंदफणा नदी तिथं गंगेला मिळते. मी एवढं पाणी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. पण मी वाटाड्या होतो, मला आश्चर्य वाटून कसं चालेल? मी डोळे बारीक केले आणि म्हणालो, यंदा पाणी जरा कमीच दिसतंय.

घाटावर गर्दी होती. तुळशीची लग्नं उरकली होती आणि माणसांची सुरू झाली होती. एक वऱ्हाड नावेनं खालच्या अंगाच्या गावाला निघालं होतं, डफ आणि सनई घेऊन. पायऱ्यांच्या वर सटवा नावाचा एक धनगर आपली दोन-तीनशे मेंढरं घेऊन थांबला होता. गंगाकाठच्या रानात खतासाठी बसवायला तो ती दर साल आणायचा. ठरलं असं की आधी आंघोळी, मग नावेनं पलीकडं जाऊन यायचं. आप्पाराव आणि सासरे पाण्यात उतरले. आत्यानं ओल्या लुगड्यातच सारजेला सांगितलं, जा, नावेत जागा धर, मी आले. दोन नावा शेजारी शेजारी बांधलेल्या होत्या. सारजा जाऊन वऱ्हाडाच्या नावेत बसली.

मी पाहिलं तेव्हा नाव भरली होती आणि नावाडी दोर सोडत होता. नवरीकडल्यांना वाटलं ही नवऱ्याकडली, नवऱ्याकडल्यांना वाटलं नवरीकडली. कुणीतरी तिच्या हातावर बत्तासा ठेवला. ती नदीकडं तोंड करून बसली होती आणि तिला मागचं जग उरलंच नव्हतं. नाव दोन हात सरकली.

मी ओरडलो, "अगं ए!" घाटावरच्या वीस-पंचवीस बायांनी माझ्याकडं पाहिलं. सारजेनं नाही. "धोंडीरामबाबाच्या लेकीऽऽ!" सनई त्याहून मोठी होती. आत्या हात हलवत होती. नाव हाकेच्या पार जायच्या बेतात होती. आणि तिचं नाव माझ्या जिभेवर येऊन दातांवर अडत होतं. कमरेएवढ्या पाण्यात समोर सासरा उभा होता, आणि दोन वर्षांत ते नाव मी मोठ्यानं एकदाही घेतलं नव्हतं.

मग तोंडातून निघालं ते मी ठरवून काढलेलं नव्हतं. मी मिठाची हाळी दिली.

मेंढरांना आठवड्यातून एकदा मीठ चारतात, आणि त्याची हाळी आमच्या सगळ्या बालाघाटात एकच. जीभ टाळूला लावून लांब "च्योऽऽ", आणि मग तुटक तुटक तीनदा. धनगराची पोर पाळण्यात ती ऐकते. सारजेची मान फिरली. मला पाहिलं, आत्याला पाहिलं, नावेतल्या अनोळखी तोंडांकडं पाहिलं आणि ती ताडकन उभी राहिली.

मान आणखी दोन-तीनशेंची फिरली होती. ते मला जरा उशिरा कळलं.

सटवाची मेंढरं पायऱ्यांवरून पुरासारखी खाली आली. मी मिठाचा धनी, म्हणून माझ्याकडं आली. मी मागं सरलो आणि पाण्यात बसलो. ती तरीही आली. आप्पाराव नुकतेच आंघोळ करून, कोरडं धोतर नेसून, पायरीवर सूर्याला हात जोडून उभे होते. ते हात जोडलेलेच परत गंगेत गेले. काही मेंढरांना वाटलं मीठ नावेत असावं, ती पोहत नावेकडं निघाली. एक निघाली की सगळ्या निघतात. नावाड्यानं वल्हं टाकलं आणि देवाचं नाव घेतलं. डफवाला मात्र वाजवतच राहिला, त्याला थांब असं कुणी सांगितलं नव्हतं. ढकलाढकलीत नाव घाटाला परत लागली आणि सारजा गुडघाभर पाण्यात उतरली.

सटवा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं शिवी दिली नाही. त्यानं फक्त हात पुढं केला. "मीठ कुठाय बे?"

मी म्हणालो, नाही.

"हाळी दिलीस आन मीठ न्हाई? उद्या माज्या हाळीला यकबी मेंढी यायाची न्हाई. कावून केलं असं?"

त्याचं खरं होतं. खोटी हाळी दिली तर मेंढरं ती कायमची विसरतात, आणि मग लांडगा आला तरी त्यांना गोळा करता येत नाही. मेंढरांच्या बाबतीत एवढं मोठं पाप मी कधी केलं नव्हतं. मी पाण्यात बसूनच राहिलो.

तेवढ्यात सारजा वऱ्हाडाच्या आचाऱ्याशी जाऊन बोलत होती. काय बोलली ते मला आजतागायत माहीत नाही, पण येताना तिच्या ओच्यात खडेमीठ होतं आणि तिच्यामागं आचारी पाटीभर घेऊन. ती घाटाच्या सपाट दगडांवर मीठ पेरत चालली, आणि मेंढरं आपोआप रांगेनं तिच्यामागं वळली. ती मला म्हणाली, "तिकडनं वळवा. मधी बसू नगा. त्या लंगडीला म्होरं घ्या."

मी उठलो, वळवली, लंगडीला पुढं घेतलं. अर्धा घाट शांतपणे मीठ चाटू लागला तेव्हा मला कळलं की ती माझ्याशी बोलली. बापासमोर, आत्यासमोर, वऱ्हाडासमोर. धोंडीरामबाबा धोतर पिळत होते. पाणी कधीच संपलं होतं तरी ते पिळतच होते.

रीत मोडलीच होती. मी म्हणालो, "सारजे, येतीस का घरी?"

तिनं हाताचं मीठ लुगड्याला पुसलं आणि नदीच्या पलीकडं बोट केलं. "तिकडं काय हाय?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. राजा होता, राणी होती, भीमाची भाकरीही निघाली असती. मी तिच्याकडं पाहिलं, आणि सगळं गिळलं. "ठावं न्हाई," मी म्हणालो. "मी हितं कंदी आलोच न्हाई. गंगा बी आजच बघतोया."

आत्या म्हणाली, हे काय ते चार दिवसांपूर्वी सांगायचं होतं. आप्पाराव गंगेतून म्हणाले की त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सारजा तोंड झाकून हसली नाही. ती उघड्या तोंडानं, घाटावरच्या सगळ्यांसमोर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून हसली.

"मंग चला," ती म्हणाली. "बघू काय हाय ते. मंग जाऊ घरी."

आम्ही दोघंच गेलो. पलीकडं ज्वारीचं रान होतं, एक बांध, आणि बांधावर एक कुत्रं, जे आम्हाला बघून उठलंही नाही. बाकी काही नव्हतं. आम्ही ते दुपारपर्यंत बघत बसलो.