हलवलेली कुपी

"हलवू नको गं कुपी, आत निजले राखणदार;
हळू वळव तळहाती, उठतील तेव्हा दारोदार."

वीस वर्षांपूर्वी थोरल्या सिस्टर इन्शुलिनची बाटली दोन तळव्यांत फिरवत असं गुणगुणायच्या. आम्ही शिकाऊ पोरी तोंडावर हात धरून हसायचो. आज भर दुपारी तो आवाज कानात आला, तेव्हा माझ्या पांढऱ्या बुटांवर रक्त होतं.

चार नंबरच्या खाटेवर सात महिन्यांची गर्भार बाई. विषाणूनं फुफ्फुसात ठाण मांडलेलं, ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. डॉक्टर म्हणाले, "अँटिबॉडी लगेच चढवा. तिच्या शरीराची फौज उभी राहीपर्यंत वेळ नाही, ही तयार फौज आहे."

फ्रीजमध्ये दोन कुप्या होत्या. एकीवर हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांची चिठ्ठी: 'सूनबाईंसाठी. हात लावू नये.' सूनबाईंनाही सातवा होता, पण त्या घरी ठणठणीत होत्या. मी दुसरी घेतली.

खाटेपाशी आले आणि बाईचा मास्क निसटला. "धरा जरा," म्हणत कुपी तिच्या नवऱ्याच्या हातात दिली. नवरा रंगारी, नखांत निळा रंग भरलेला. मास्क बसवून वळले, तर हा पठ्ठ्या रंगाचा डबा हलवावा तशी ती खळाखळा हलवतोय.

"खाली बसलं असेल ना, सिस्टर. आमच्यात हलवल्याशिवाय रंग चढत नाही."

आत नुसता फेस.

"गेली," मी म्हणाले. "हलवली की आतलं औषध मोडतं. आता ही देता येत नाही."

बाईचा धाकटा भाऊ पुढं आला. "दुसरी आणा."

"नाहीये."

जीभ कशी वळली, देव जाणे.

"ही याच्या हातात आलीच कशी? तुम्ही दिली?"

रंगाऱ्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. "मीच ओढून घेतली," तो म्हणाला.

"वा, दाजी!" पहिला ठोसा तोंडावर बसला. दाजी भिंतीवर आपटले, भिंतीवर लाल फराटा उमटला. दुसऱ्या ठोशाला दात फरशीवर टणकन वाजला. भावानं त्याची मान धरून डोकं खाटेच्या लोखंडावर हाणलं, एकदा, दोनदा. सलाईनचा स्टँड कोसळला. "माझ्या बहिणीला खाल्लंस! पोटातल्यालाही खाल्लंस!" बाईनं मास्क ओरबाडून काढला, उठू बघत होती, ओठ निळे पडत चालले, यंत्र किंचाळू लागलं. चौऱ्याऐंशी. ब्याऐंशी. मी मास्क दाबून धरला, तिनं माझ्या मनगटात नखं रुतवली.

भावानं सिलिंडरचा लोखंडी पाना उचलला. रंगारी हात वर करत नव्हता. रक्तानं भरल्या तोंडानं मलाच म्हणाला, "सिस्टर, तुमचे बूट खराब झाले हो..."

भावानं पाना त्याच्या डोक्यावर उगारला.

"थांब!" मी ओरडले. "त्यानं ओढली नाही. मी दिली त्याच्या हातात, हलवू नका एवढं सांगायचं राहिलं माझं. आणि मी खोटं बोलले. दुसरी कुपी आहे. फ्रीजमध्ये, मागच्या कप्प्यात, साहेबांच्या सुनेच्या नावाची. पळ, घेऊन ये. आणि बाबा रे, हलवू नकोस."